झाडीतील विस्मृत स्थळे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. लाखनी आणि साकोली यांच्या दरम्यान पक्का रस्ता सोडून मी आणि माझे चार विद्यार्थी पायी निघालो होतो. पलीकडच्या टेकडीवर जुने घडीव दगड पडले आहेत, असे कुणीतरी सांगितले होते. वाटेत सखल रान लागले. गुडघाभर चिखल, त्यावर बेशरमाची दाट झाडी, मधूनमधून देवधानाची पाती. एक विद्यार्थी मांडीपर्यंत रुतला. त्याला ओढून काढण्याच्या गडबडीत माझी एक चप्पल तिथेच राहिली ती राहिलीच. कसाबसा कोरड्या जागी आलो आणि वहीत टिपले : ‘येथे दलदल. वाट नाही.’

इतक्यात म्हशी घेऊन एक म्हातारा ढोरकी आला. गुराख्याला आमच्याकडे ढोरकी म्हणतात. समोरच्या लांबट उंचवट्यावर उभा राहून तो आमची फजिती पाहत होता. म्हणाला, “दलदल नोहे जी मास्तर, बोडी होय. पारीवरून या, पारीवरून!”

तो उभा होता तो उंचवटा निसर्गाचा नव्हता. दोन टेकड्यांमधली सखल जागा अडवण्यासाठी माणसांनी टोपल्या-टोपल्यांनी माती आणून घातलेला तो बांध होता. बांधाला आमच्याकडे पार म्हणतात आणि लहान तलावाला बोडी. आम्ही ज्यात रुतलो होतो ते त्या बोडीचे गाळाने भरलेले पोट होते. वहीतली ती चुकीची ओळ मी खोडली नाही. मुद्दाम ठेवली आहे. पुढच्या पंधरा-वीस पायपिटींत जे काही शिकलो, त्याची सुरुवात त्या ओळीपासून झाली.

आपण ‘विस्मृत स्थळे’ म्हणतो खरे. पण ती विसरले कोण? पुष्कळदा असे दिसते, की विसरलो ते आपण, शिकलेली आणि रस्त्याने जाणारी माणसे. जवळ राहणाऱ्यांनी ती जागा विसरलेली नसते. फक्त ती आठवण इतिहासाच्या भाषेत नसते. एखाद्या नावात, एखाद्या शब्दात, एखाद्या देवाच्या दगडात ती जपलेली असते.

आता हा मुलूखच पाहा. वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा हा धानाचा आणि रानाचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तो भंडारा जिल्ह्यातच होता. येथली झाडीबोली ‘ळ’ उच्चारत नाही. ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. तेव्हा तलावाची पाळ ती पार झाली, यात नवल नाही. रेंगेपार, मुंडीपार, पिंडकेपार अशी गावांची नावे ऐकली, की मी आता आधी आसपास जुना बांध शोधतो. दर वेळी सापडतोच असे नाही, पण पाय त्या दिशेला वळतात.

आणि जिल्ह्याचे नाव? रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाचा इ. स. १११४ चा शिलालेख आहे. त्यात त्याच्या प्रभावाखालच्या मुलखांच्या यादीत ‘भाणार’ असे नाव येते. आपल्या खेड्यांतून ‘भंडारा’ऐवजी ‘भानारा’ असा उच्चार ऐकू येतो, तेव्हा आपण म्हणतो, अडाणी उच्चार! बरं का, तो अडाणी उच्चार नऊशे वर्षांपूर्वीच्या दगडावरच्या नावाला आपल्या शुद्ध उच्चारापेक्षा जवळचा आहे.

पुन्हा बोडीकडे येऊ. या भागातले तलाव मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. चांद्याच्या गोंड राजाने काशीची यात्रा केली आणि येताना हे कुशल लोक बरोबर आणले, अशी कथा सांगतात. कथेचे काहीही असो, कसब खरे आहे. नवेगावचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. त्याच कोलूचा पुढे कोलासूर नावाचा देव झाला. ज्याने पाणी अडवले त्याला देव करून लक्षात ठेवण्याची ही रीत ताम्रपटापेक्षा टिकाऊ ठरली, असे म्हणावेसे वाटते.

या तलावांची रचना साधी दिसते, पण तिच्यात मोठा विचार आहे. उतार पाहून पार घालायची. शेताला पाणी सोडण्यासाठी पारीत तुडूम ठेवायचे. जास्तीचे पाणी पार फोडू नये म्हणून बाजूला सलंग काढायचा. सलंगातून निघालेले पाणी खालच्या बोडीत, तिथून त्याखालच्या बोडीत, अशी साखळी. म्हणजे एक बोडी सापडली, की तिच्या वर किंवा खाली दुसरी असण्याचा संभव पुष्कळ. आम्ही त्या दिवशी ओढ्याच्या अंगाने खाली चालत गेलो, तर संध्याकाळपर्यंत आणखी दोन जुन्या पारी मिळाल्या. एका पारीवर तर पळसाचे रान माजले होते. नकाशात त्या जागी नुसता हिरवा रंग होता.

मग हे तलाव दलदली का झाले? १९५० च्या कायद्याने येथली मालगुजारी संपली आणि पुढच्या वर्षी तलाव सरकारच्या ताब्यात आले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. तिच्यातली वेठ आणि जुलूम कुणाला परत नको आहे. पण दरवर्षी उन्हाळ्यात गाळ कुणी काढायचा, खचलेली पार कुणी भरायची, या कामाला धनी उरला नाही. मोठे तलाव कसेबसे सांभाळले गेले. लहान बोड्या गाळाने भरत गेल्या, त्यात बेशरम वाढले आणि दोन पिढ्यांत माणसाची करणी निसर्गासारखी दिसू लागली.

माणसाची करणी निसर्गासारखी दिसते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या पवनीला आहे. गावाच्या एका अंगाला वैनगंगा आणि उरलेल्या तीन अंगांना जुना तट व खंदक. गावाबाहेर टेकड्या आहेत. एकीला जगन्नाथ टेकडी म्हणतात, दुसरीला हरदोलाला टेकडी. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यांना टेकड्याच मानले. म. म. मिराशी यांच्यासारख्या पंडितांनी पवनीचे कोरीव लेख वाचून दाखवले होते; भार राजा भगदत्त याचे नाव तिथल्याच पादुकापट्टावरच्या लेखातून कळले. पण टेकडीच्या पोटात काय आहे ते कळायला १९६९-७० साल उजाडावे लागले. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले, तेव्हा विटांचा विशाल स्तूप बाहेर आला. सांचीच्या स्तूपाची आठवण व्हावी एवढा त्याचा विस्तार. कोरीव खांब निघाले, दान देणाऱ्यांची ब्राह्मी अक्षरांतली नावे निघाली, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प निघाले. इसवी सनापूर्वीच्या शतकांत वैनगंगेच्या काठी एक संपन्न बौद्ध नगर नांदत होते, हे त्या उत्खननाने सिद्ध केले.

यात माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. लोकांना बुद्धाचा विसर पडला होता, पण जागेचा नाही. कुठलाही उंचवटा असा शतकानुशतके देवाच्या नावाने ओळखला जात नाही. नाव बदलले, देव बदलला; जागा पूज्य राहिली.

तेव्हा अशा जागा शोधायच्या कशा? विद्यार्थी विचारतात म्हणून सांगतो. पहिली पायरी रानात नाही, पटवाऱ्याच्या दप्तरात आहे. आपल्याकडे महसुलाच्या यादीत काही गावांच्या नावापुढे ‘रिठी’ असा शब्द असतो. रिठी म्हणजे उठून गेलेले गाव. शिवार आहे, पण वस्ती नाही. पटकीने, दुष्काळाने किंवा पाणी आटल्याने लोक निघून गेले आणि नाव मात्र कागदावर राहिले. तसेच निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे जुने कागद पाहावेत. पाणी कुणी किती घ्यायचे, ढोरे कुठे पाजायची, हे त्यांत लिहिलेले सापडते.

दुसरी पायरी गावातल्या पाराखाली. म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे, घाई करू नये. “इथे ऐतिहासिक स्थळ आहे का?” असे विचारले तर उत्तर “नाही जी” असेच येते. “ढोरे कुठे बसतात? नांगराला विटा कुठे लागतात? कुठल्या देवाला वर्षातून एकदाच जाता?” असे विचारावे, मग माणूस बोलू लागतो.

तिसरी पायरी पायांची. होळीनंतर रान निष्पर्ण होते, तेव्हा निघावे. भर जंगलात चिंचेची मोठी झाडे ओळीने दिसली, सीताफळाचे रान लागले, तर थांबावे. तिथे बहुधा कधीकाळी अंगणे होती. पायाखाली खापऱ्या आहेत का पाहावे. त्या उचलून घरी नेऊ नयेत. जागेवरून हललेली खापरी मुकी होते. आणि नागझिरा, कोका यांसारख्या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. ते घर आता वाघाचे आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला जड जाते. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पुढे पाणी हळूहळू चढत गेले आणि वैनगंगेकाठची कितीतरी गावे उठली. धरणाने शेतांना पाणी मिळावे हे मी नाकारत नाही. पण त्या काठावरच्या एका रिठीला जायचे मी तीन उन्हाळे मनात घोळवत होतो. एकदा परीक्षा होत्या, एकदा घरात लग्न होते, एकदा नुसताच आळस. चौथ्या उन्हाळ्यात गेलो, तर समोर पाणी. वाळलेल्या झाडांचे शेंडे तेवढे वर होते.

जवळच्या गावाचे लोक नव्या वसाहतीत राहायला गेले होते. तिथे एका आजोबांना भेटलो. मी काय शोधतो ते त्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लिवून घ्या जी.” आणि त्यांनी आपल्या बुडालेल्या शिवारातल्या धानाच्या बांध्यांची नावे एकामागून एक सांगायला सुरुवात केली. पूर्वेकडून पश्चिमेकडे, जसे माणूस चालत जाईल तशी. बोडीखालची. चिंचेची. सतीची. इटाळी.

मी थांबवले. म्हटले, “इटाळी का म्हणतात?”

“नांगर घातला की इटा निघत. मोठ्या मोठ्या. आमचे आजे त्या इटांनी विहीर बांधत.”

मोठ्या विटा. पवनीच्या स्तूपाच्या विटाही मोठ्याच आहेत. तिथे काय होते, स्तूप की देऊळ की एखाद्या सावकाराचा वाडा, हे मी सांगू शकत नाही आणि आता कुणी सांगू शकेल असे वाटत नाही. तीन उन्हाळ्यांपैकी एकात मी गेलो असतो, तर निदान विटेची लांबी-रुंदी मोजून आलो असतो. आज माझ्याजवळ फक्त नाव आहे.

म्हणून श्रोत्यांना, विशेषतः तरुण मित्रांना, एवढेच सुचवतो. आपल्या गावाच्या शिवारातल्या बांध्यांची, बोड्यांची, नाल्यांची नावे या उन्हाळ्यात लिहून काढा. त्याला पदवी लागत नाही, अनुदान लागत नाही. एक वही लागते, आजीजवळ बसायला दोन संध्याकाळी लागतात आणि तिने सांगितलेल्या जागी एकदा पायी जाऊन यावे लागते. दगड शंभर वर्षे वाट पाहील. ज्यांच्या तोंडी ती नावे आहेत, ती माणसे पाहणार नाहीत. ज्या आजोबांनी मला इटाळी सांगितली, ते पुढच्या पावसाळ्यात गेले.