नारायम (मीडियाविकी विस्तार)

नारायम : विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, त्या प्रणालीसाठी तयार झालेला मुक्तस्रोत विस्तार (प्लगइन). साध्या इंग्रजी कळफलकावरून भारतीय व इतर लिप्यांत थेट लिहिता यावे, हा त्याचा उद्देश होता. मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर तो वापरात होता. जून-जुलै २०१३ मध्ये ‘युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर’ (यूएलएस) या विस्ताराने त्याची जागा घेतली आणि नारायम निवृत्त झाला. रोजच्या लेखनाचे साधन बदलताना त्याच्या वापरकर्त्यांना नव्या साधनाकडे कसे नेले गेले, याचे हे भारतीय भाषांतील ठळक उदाहरण आहे.

नाव व उगम : ताडपत्रावर अक्षरे कोरण्याच्या लोखंडी लेखणीला मल्याळम भाषेत ‘नारायम’ म्हणतात. विस्ताराची सुरुवातही मल्याळम विकिपीडियावरच झाली. तेथे आधीपासून वापरात असलेली लेखनाची छोटी जावास्क्रिप्ट आज्ञावली जुनैद पी. व्ही. यांनी मीडियाविकीच्या रीतसर विस्तारात रूपांतरित केली. त्यामुळे प्रत्येक विकीवर वेगळी आज्ञावली चिकटवण्याची गरज उरली नाही. एकच विस्तार बसवून भाषेनुसार नियमसंच जोडता येऊ लागले. पुढे संतोष तोट्टिंगल, अमीर अहरोनी, निकलस लाक्सस्ट्रॉम आदी विकासकांनी त्यात भर घातली.

अशा साधनाची निकड त्या काळातील संगणकांमुळे होती. विंडोज एक्सपीत देवनागरीची सोय बहुधा मूळ सीडीवरून वेगळी बसवावी लागे. सायबर कॅफेत किंवा कार्यालयातील संगणकावर तसे करण्याची मुभा नसे. छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत मराठी टंकलेखन सर्रास चाले, पण ते युनिकोडेतर फाँटमध्ये. तो मजकूर विकिपीडियावर डकवला की निरर्थक रोमन चिन्हांची रांग उमटे. ‘गमभन’सारखी साधने मराठी संकेतस्थळांवर हीच अडचण दूर करत होती. नारायममुळे विकिप्रकल्पांवरही संगणकात काहीही न बसवता, फक्त ब्राउझर उघडून मराठी लिहिता येऊ लागले.

कार्यपद्धती : नारायममध्ये शब्दकोश नव्हता, नियम होते. प्रत्येक नियमाला तीन बाजू होत्या : पडद्यावर आधी उमटलेली अक्षरे, आताची कळ (गरजेनुसार तिच्या आधीच्या कळाही) आणि त्यांच्या जागी यायचे अक्षर. लिप्यंतर पद्धतीत ‘के’ ही कळ दाबली की पाय मोडलेला क् उमटतो. पुढे ‘ए’ दाबली की त्याचा क होतो आणि पुन्हा ‘ए’ दाबली की का. ‘टी’ व ‘एन’ या कळा शिफ्टसह दाबल्या की ट् आणि ण् मिळतात. उलटी तिरकी रेघ (बॅकस्लॅश) आधी टंकली तर पुढचे अक्षर रोमनच राहते. कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबून ही सोय चालू किंवा बंद करता येई. मराठीसाठी लिप्यंतर आणि इन्स्क्रिप्ट असे दोन नियमसंच होते. त्यांपैकी इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली शासनमान्य कळरचना असून १९९१ च्या इस्की मानकात (आयएस १३१९४) तिचा समावेश आहे.

नियमांवर चालणाऱ्या पद्धतीचे गुणदोष जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातील वरणगावच्या नावावरून स्पष्ट होतात. हे नाव टंकताना ण साठी शिफ्ट दाबावीच लागते. ती राहिली तर ‘वरनगाव’ उमटते. शेवटची ‘ए’ कळ राहिली तर ‘वरणगाव्’ असा पाय मोडलेला शब्द मिळतो. मराठीत अंत्य अ उच्चारला जात नसल्याने नवशिक्याच्या हातून ही चूक हमखास होते. भुसावळ, जळगाव, अमळनेर, पारोळा, धुळे या सर्व नावांत ळ आहे आणि त्यासाठी शिफ्टसह ‘एल’ दाबायची सवय लावून घ्यावी लागते. शब्दकोशावर चालणारी साधने नेहमीची नावे अंदाजाने बरोबर देतात, पण कोशात नसलेल्या शब्दापाशी अडखळतात. ‘आंडोर’ (मुलगा), ‘आंडेर’ (मुलगी) यांसारखे अहिराणी शब्द प्रमाण मराठीच्या कोशावर बेतलेले साधन ओळखेलच असे नाही. नारायमला शब्द ओळखण्याची गरजच नव्हती. कळा बरोबर दाबल्या की अहिराणी, लेवा गणबोली किंवा गावाचे अनवट नाव, काहीही उमटत असे.

निवृत्तीची कारणे : नारायम बंद पडला नव्हता आणि लोकांनी तो वापरणेही सोडले नव्हते, त्याचा आराखडा अपुरा पडू लागला होता. पहिले कारण असे, की तो मीडियाविकीशी घट्ट बांधलेला होता. त्यातील कळांचे नियम दुसऱ्या संकेतस्थळाला वापरायचे, तर ते मीडियाविकीपासून सोडवून घ्यावे लागत. दुसरे कारण संपादनाच्या बदलत्या पद्धतीचे. नारायम साध्या मजकूरचौकटींसाठी बनला होता. विकिपीडियावर येऊ घातलेला दृश्य संपादक मात्र वेगळ्या प्रकारचा संपादनीय भाग वापरणारा होता. तिसरे कारण असे, की भाषेशी संबंधित सोयी विखुरलेल्या होत्या. टंकनासाठी नारायम, अक्षरे नीट दिसावीत म्हणून फाँट पुरवणारा ‘वेबफाँट्स’ हा वेगळा विस्तार आणि पानाच्या माथ्यावर प्रत्येकाची वेगळी यादी, अशी ती रचना होती. साधने दोन असल्याने दुरुस्तीही दोन ठिकाणी करावी लागे.

पर्यायाची उभारणी : विकिमीडिया प्रतिष्ठानच्या भाषा अभियांत्रिकी गटाने ‘मिल्कशेक’ या प्रकल्पात या सोयींची स्वतंत्र जावास्क्रिप्ट ग्रंथालये तयार केली. टंकनासाठी ‘जेक्वेरी डॉट आयएमई’, फाँटसाठी ‘जेक्वेरी डॉट वेबफाँट्स’, भाषानिवडीसाठी ‘जेक्वेरी डॉट यूएलएस’ आणि संदेशांच्या भाषांतरासाठी ‘जेक्वेरी डॉट आय१८एन’ ही ती चार. मीडियाविकी नसलेल्या संकेतस्थळालाही ती वापरता येतात. विकीवर या सोयी एकत्र आणून दाखवण्याचे काम यूएलएस विस्ताराकडे आले.

या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. टंकनपद्धती आणि मुक्त फाँट यांबाबत विकिमीडिया व रेड हॅट ही मुक्तस्रोत कंपनी यांनी सहकार्य केले. नोव्हेंबर २०१२ आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये भाषासाधनांवर काम करणाऱ्या विकासकांच्या परिषदा पुण्यात भरल्या. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांसाठी असलेली ‘लोहित’ ही मुक्त फाँटमालिका रेड हॅटच्याच पुढाकाराने जोपासली गेली आहे.

नव्या ग्रंथालयात नारायमचा कोड जसाच्या तसा गेला नाही. त्याचे नियमसंच मात्र गेले. क् नंतर ‘ए’ दाबली की क, ही भाषेची माहिती होती. ती कोणत्या चौकटीत चालवायची हा प्रोग्रॅमचा प्रश्न होता. दोन्ही वेगळे ठेवल्यामुळे जुने नियम टिकले आणि त्यांत नवे जोडणेही सोपे झाले. पुढे जेक्वेरी डॉट आयएमईमध्ये साठाहून अधिक भाषांसाठी सव्वाशेहून अधिक टंकनपद्धती आल्या. मराठीसाठी लिप्यंतर व इन्स्क्रिप्ट यांच्या जोडीला इन्स्क्रिप्ट २ आणि फोनेटिक याही पद्धती उपलब्ध झाल्या.

वापरकर्त्यांचे स्थलांतर : यूएलएस सर्व विकींवर एकाच दिवशी न आणता जून-जुलै २०१३ मध्ये टप्प्याटप्प्याने आणला गेला. नारायम व वेबफाँट्स आधीपासून असलेल्या विकींचा टप्पा आरंभी होता आणि इंग्रजी विकिपीडियाचा शेवटी. नव्या साधनात उणीव असेल तर ती रोज टंकन करणाऱ्यांच्या लक्षात प्रथम येणार, असा या क्रमाचा एक फायदा होता. दोन्ही साधने एकाच चौकटीत एकाच कळेवर हक्क सांगू लागली तर अक्षरे बिघडतात. म्हणून यूएलएस सुरू करतानाच त्या विकीवरील नारायम काढून घेतला गेला.

हाताच्या सवयी शक्य तेवढ्या जपल्या गेल्या. कंट्रोल आणि एम ही जोडी कायम राहिली, लिप्यंतराच्या कळाही बहुतांशी त्याच राहिल्या. बदलली ती दिसण्याची जागा. नारायमची यादी पानाच्या माथ्यावर असे. यूएलएसचे कळफलकाचे चिन्ह मजकूरचौकटीत टिचकी मारल्यावर तिच्याजवळ उमटते. ज्यांची बोटे शॉर्टकटला सरावली होती, त्यांना फारसे काही शिकावे लागले नाही. माउसने यादी उघडणाऱ्यांना मात्र चिन्हाची नवी जागा शोधावी लागली. साहाय्यपानांवरील जुन्या सूचना व चित्रेही त्यामुळे कालबाह्य झाली. साधन बदलल्यावर साहाय्यपाने मागे राहणे ही अशा स्थलांतरातील नेहमीची त्रुटी आहे आणि तिचा भार स्थानिक स्वयंसेवकांवर पडतो.

२०१४ ची माघार : स्थलांतरातील खरी अडचण टंकनामुळे नव्हे, फाँटमुळे उद्भवली. यूएलएसमधून पुरवले जाणारे वेबफाँट वाचकाच्या संगणकावर उतरवावे लागत आणि त्यामुळे काही विकींवर पाने सावकाश उघडू लागली. ही बाब विकिमीडियाच्या तांत्रिक संचालन गटाच्या लक्षात आल्यावर २१ जानेवारी २०१४ रोजी यूएलएस सरसकट चालू ठेवणे थांबवण्यात आले. सदस्यांसाठी तो हवा असल्यास चालू करण्याचा तात्पुरता पर्याय दिला गेला. त्यानंतर फाँट उतरवण्यासाठी वेगळी खूणचौकट (चेकबॉक्स) ठेवून, ती सुरुवातीला बंद अवस्थेत राहील अशी व्यवस्था करून, यूएलएस पुन्हा चालू करण्यात आला.

एकत्रीकरणाची दुसरी बाजू या प्रसंगातून दिसते. नारायम आणि वेबफाँट्स वेगळे असताना फाँटचा दोष टंकनाला बाधत नव्हता. दोन्ही सोयी एका विस्तारात आल्यावर फाँट थांबवायला गेले की टंकनाची सोयही थांबू लागली. वेगळ्या खूणचौकटीमुळे हा गुंता सुटला. निवृत्त साधनाच्या जागी येणाऱ्या साधनात प्रत्येक सोय स्वतंत्रपणे बंद करता यावी, हा या प्रसंगाचा धडा होय.

विकिमीडियाबाहेरील वापर : मीडियाविकी ही मुक्त प्रणाली असल्याने संस्था व गट तिच्यावर स्वतःचे ज्ञानकोश चालवतात. त्यांच्या सर्व्हरवरील नारायम विकिमीडिया काढू शकत नाही. त्यांच्यासाठी विस्ताराच्या माहितीपानावर तो कालबाह्य असल्याचे आणि यूएलएस वापरावा असे नोंदवण्यात आले. परवाना जीपीएल असल्याने कोणी तो स्वतःच्या जबाबदारीवर पुढे चालवू शकतो. मीडियाविकीच्या नव्या आवृत्तीशी त्याचे जुळेल याची हमी मात्र कोणी देत नाही. निवृत्त विस्तारात सापडलेली सुरक्षा-त्रुटी दुरुस्त होत नाही, म्हणून तो बसवून ठेवणे निष्क्रिय कोड बाळगण्यापेक्षाही जोखमीचे असते.

तुलना : प्लगइन निवृत्त करण्याच्या इतर पद्धती नारायमशी ताडून पाहता येतात. गूगलने लिप्यंतराची आपली प्रोग्रॅम-सेवा मे २०११ मध्ये कालबाह्य घोषित केली. ती गूगलच्या सर्व्हरवर चालणारी बंदिस्त सेवा असल्याने तिचे नियम काढून घेऊन पुढे चालवणे इतरांना शक्य नव्हते. फायरफॉक्सने १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या ५७ व्या आवृत्तीत जुन्या धाटणीच्या सर्व जोडण्यांना (ॲड-ऑन) आधार देणे एकदम थांबवले. ज्यांचे निर्माते नव्या धाटणीत लिहायला उरले नव्हते, त्या जोडण्या तेथेच संपल्या. वर्डप्रेसने ६ डिसेंबर २०१८ च्या ५.० या आवृत्तीत नवा संपादक आणताना जुना संपादक ‘क्लासिक एडिटर’ या प्लगइनच्या रूपात उपलब्ध ठेवला आणि वापरकर्त्यांना सवड दिली. नारायमच्या बाबतीत जुने साधन समांतर ठेवले गेले नाही, तरी नियम आणि कळा पुढे नेल्यामुळे तेवढ्या सवडीची गरजही भासली नाही.

मूल्यमापन : मुक्तस्रोत प्लगइन निवृत्त करताना पाळायच्या बाबी या उदाहरणावरून क्रमाने मांडता येतात. पर्याय प्रत्यक्ष वापरात उतरल्याशिवाय जुने साधन काढू नये. वापरकर्त्याच्या सवयी आणि निवडी शक्य तितक्या पुढे न्याव्यात. जुने आणि नवे साधन एकमेकांत अडकू देऊ नये. बिघाड झाल्यास माघार घेण्याची वाट मोकळी ठेवावी. बदलाची नोंद जुन्या साधनाच्या पानावरच करावी, कारण शोधणारा आधी तेथेच पोहोचतो. साहाय्यपाने स्थानिक भाषेत त्याच वेळी बदलावीत. नारायमच्या निवृत्तीत यांपैकी शेवटची बाब सर्वांत दुबळी राहिली. २०१४ च्या फेरबदलाची सूचना अनेक भारतीय विकींवर फक्त इंग्रजीत पोहोचली आणि त्याबद्दलची दिलगिरीही त्याच सूचनेत, इंग्रजीतच होती.

नारायमचा कोड संग्रहित स्वरूपात आजही खुला आहे. त्याचे मराठी नियम यूएलएसमधून चालतात आणि ते चालू-बंद करण्यासाठी कंट्रोल व एम ही कळांची जोडीच वापरली जाते.