डीमॉनिक रिझरेक्शन: उसन्या काळोखापासून दशावतारापर्यंत

मेटल ऐकणाऱ्या मंडळींमध्ये एक भांडण कधी शिळं होत नाही. अमुक बँडचे पहिले दोन अल्बम खरे, नंतर ते विकले गेले! नॉर्वेच्या बँडांबद्दल तर हे हमखास ऐकू येतं. 'थिएटर ऑफ ट्रॅजेडी' हा स्टॅव्हांगर गावचा गॉथिक बँड घ्या. सुरुवातीला जुन्या वळणाच्या इंग्रजीत गाणी, एक घोगरा पुरुषी आवाज, एक कोवळा बाईचा आवाज, सगळीकडे धुकं. आणि २००० साली एकदम 'म्युझिक' नावाचा इलेक्ट्रॉनिक अल्बम. चाहते खवळले. 'उल्व्हर'चं तेच. १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये जंगल, लोककथा आणि ब्लॅक मेटल. दशक संपेपर्यंत गिटारी बाजूला, कॉम्प्युटर पुढे.

या भांडणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. विकले गेले म्हणजे विकत घेणारा कोणीतरी होता! जिथे गिऱ्हाईकच नव्हतं, तिथे बँडचा आवाज कशामुळे बदलतो? हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय, आणि त्यासाठी आपल्या हाताशी मुंबईतलंच उदाहरण आहे: डीमॉनिक रिझरेक्शन.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साहिल मखिजा नावाच्या कॉलेजच्या वयातल्या पोराने २००० साली मुंबईत हा बँड काढला. रंगमंचावरचं नाव डीमनस्टीलर, म्हणजे राक्षस चोरणारा. गिटार आणि गायन त्याचं. बाकीचे लोक आले-गेले, बऱ्याच वेळा बदलले, तो राहिला. (युट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाने कीटोच्या पाककृती दाखवणारा माणूस तुमच्या आईने पाहिला असेल तर तो हाच. खरंच!)

आता २००० सालची मुंबई डोळ्यांसमोर आणा. मी तेव्हा बोईसरला बालवाडीत होतो, त्यामुळे हे सगळं वाचीव आणि ऐकीव. धोबीतलावच्या रंगभवनला 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचा, १९८६ पासून. तिथलं पब्लिक बँडकडून परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकला मागायचं. स्वतःचं गाणं वाजवलं की शिट्ट्या, आणि त्या कौतुकाच्या नव्हेत. 'रॉक मशीन'सारख्या बँडने १९८८ मध्येच स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढून दाखवला होता, पण तो अपवाद. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनचे कार्यक्रमच बंद पडले आणि जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरससारख्या जागांवर सगळी भिस्त आली. या वातावरणात एक पोरगा स्वतःची गाणी वाजवायची ठरवतो, तीही ब्लॅक मेटल, डेथ मेटल आणि कीबोर्ड अशी खिचडी. त्याच वर्षी 'डीमनस्टीलर' हा पहिला अल्बमही काढतो. विकले जाण्याची शक्यता शून्य!

तो पहिला अल्बम मी दोनदा ऐकलाय. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा कर्तव्य म्हणून. कल्पना दहा आहेत, हाताला त्यातल्या चार झेपतात. पण त्यात पुढचं सगळं बीज आहे: गुरगुरणं आणि साफ गळ्याने गाणं एकाच गाण्यात, कीबोर्डवरचे कोरस, लांबलचक रचना.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, शेवटी इंजिनिअरचा ब्लॉग आहे. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलचा मूळ आवाज पातळ, खरखरीत, जवळजवळ खालच्या सुरांशिवायचा. 'डार्कथ्रोन'ने १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर रेकॉर्ड केला. गरिबी होतीच, पण ती त्यांनी मुद्दाम शैली म्हणून मिरवली. मग 'एम्परर' आणि 'डिम्मू बोर्गिर' आले. त्यांनी त्या खरखरीवर कीबोर्डमधले व्हायोलिनांचे ताफे आणि चर्चचे कोरस चढवले. याला सिंफनिक ब्लॅक मेटल म्हणतात. डीमॉनिक रिझरेक्शनने उचललं ते हे दुसरं रूप.

आणि ते उचलणं महाग पडतं. डिस्टॉर्शनवाली गिटार मधल्या फ्रिक्वेन्सींचा सगळा पट्टा खाऊन टाकते. कीबोर्डवरच्या व्हायोलिनांनाही तोच पट्टा हवा असतो. सव्वाआठच्या विरार लोकलच्या दारात दोघांनी एकदम चढावं तसं होतं. त्यात ड्रमर दोन्ही पायांनी बेस ड्रम आणि हातांनी ब्लास्ट बीट चालवत असतो, म्हणजे खालचा पट्टाही भरलेला. कोणाला किती जागा द्यायची हे मिक्सिंगमध्ये ठरतं, आणि त्या काळात इथे असं संगीत मिक्स करायचा सराव असलेले लोक जवळजवळ नव्हतेच. ड्रम वाजवायला जागा नाही ते वेगळंच. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ब्लास्ट बीटचा रियाज करून बघा, सोसायटीची मीटिंग त्याच संध्याकाळी लागेल. जॅम रूम तासावर भाड्याने घ्यायची, म्हणजे वेगसुद्धा पैशांत मोजायचा.

म्हणून २००५ चा 'अ डार्कनेस डिसेंड्स' मला महत्त्वाचा वाटतो. कीबोर्ड आता नुसते सजावटीला नाहीत, गाण्याचा सांगाडाच त्यांच्यावर उभा आहे. २००७ मध्ये 'बियाँड द डार्कनेस' हा छोटा अल्बम आला आणि २०१० मध्ये 'द रिटर्न टू डार्कनेस'. तिन्ही मिळून त्यांची 'डार्कनेस'त्रयी. पहिल्याकडून तिसऱ्याकडे जाताना जे बदलतं ते चव कमी आणि कुवत जास्त. तिसऱ्यातलं 'द अनरिलेंटिंग सर्ज ऑफ व्हेंजन्स' चांगल्या हेडफोनवर ऐका. गिटार, कीबोर्ड, ड्रम सगळे एकाच वेळी अंगावर येतात आणि तरी प्रत्येक जण वेगळा ऐकू येतो. तो दारातला घोळका डब्यात नीट बसला! मधल्या काळात साहिलने स्वतः रेकॉर्डिंग शिकून घेतलं होतं, स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती, कार्यक्रमसुद्धा स्वतःच भरवत होता. दुसरं कोणी करणारच नव्हतं.

आणि मग २०१० मध्ये गंमत झाली. तो अल्बम परदेशात आणला ब्रिटनच्या कँडललाइट रेकॉर्ड्सने. 'एम्परर'चा 'इन द नाइटसाइड इक्लिप्स' १९९४ मध्ये काढणारी हीच कंपनी. त्याच वर्षी बँड ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आला आणि 'मेटल हॅमर' मासिकाच्या गोल्डन गॉड्स पुरस्कारांत 'ग्लोबल मेटल'चा मानही मिळाला. ज्या गावाचा काळोख उसना घेतला, त्याच गावात जाऊन तो वाजवला. पुण्याच्या माणसाला कोणी बाहेरून येऊन बाकरवडी करून खायला घालावी आणि त्याने दुसरी मागावी, अशातला प्रकार. (पुणेकरांनी हलके घ्यावे.)

पण मला त्या 'ग्लोबल' शब्दाची थोडी मौज वाटते. ऑस्लोच्या बँडला तो लावत नाहीत. तो नुसता मेटल. आपण कॉल सेंटर असो की ब्लास्ट बीट, ग्लोबलच.

म्हणजे २०१० पर्यंत या बँडने उसना आवाज मूळ मालकांच्या तोडीने वाजवून दाखवला. प्रश्न तिथेच सुरू होतो. आता पुढे काय? त्रयी संपली, शाबासकी मिळाली. अशा वेळी तेच पुन्हा करत राहणं सोपं होतं. २०१४ च्या 'द डीमन किंग'मध्ये ते उलट जाड झाले. ब्लॅक मेटलचा गारठा कमी, डेथ मेटलचा घण जास्त, रिफ लहान आणि ठोस. हा आवाज मला बोईसरचा वाटतो. आमच्याकडे मेटल म्हणजे मुळात तारापूर एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये लाल होऊन बाहेर येतं ते. ब्लॅक मेटलमधलं बर्फ आणि पाइनचं जंगल मी पडद्यावरच पाहिलंय, पण मिलच्या पत्र्याच्या भिंतीतून येणारा तो एकसुरी ठोका झोपेतही ओळखतो. चाहत्यांपैकी काहींना कीबोर्डची शान हरवल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. (२०१४ लाच १ ऑगस्टला आमचा पालघर जिल्हा वेगळा झाला. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण दोन्ही गोष्टी मला एकदमच आठवतात.)

आणि मग २०१७: 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी, शब्द इंग्रजीच. गिटारींच्या मधून सतार, तबला. परदेशी समीक्षकांना अर्थातच आवडला, कारण त्यांना आमच्याकडून नेमकं हेच हवं असतं. इथे पहिल्यांदाच तो जुना आरोप लावायला जागा आहे. आता गिऱ्हाईक होतं आणि माल त्याच्या आवडीचा होता.

मी हा आरोप बराच काळ मनात घोळवला. सतारीबद्दल तो मला अर्धा पटतो. काही ठिकाणी ती गाण्यात मुरलेली आहे, काही ठिकाणी 'भारत' अशी पाटी लावल्यासारखी. शिवाय सतार 'आपली' म्हणजे नक्की कोणाची? पालघरच्या पाड्यांवर आवाज आहे तारप्याचा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा नाकाने श्वास घेत घेत फुंकत राहतो, त्यामुळे सूर तुटतच नाही आणि नाच रात्रभर त्याच्याभोवती फिरतो. ब्लॅक मेटलची गिटार जे ट्रेमोलोने करू बघते, म्हणजे न थांबणारा, गुंगी आणणारा एकच सूर, ते तारपा एका श्वासाच्या युक्तीने करतो. बुद्धाच्या गाण्याबद्दलही एक बोच आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, ही १९५६ मध्ये नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक. महाराष्ट्रात ही यादी सगळ्यांची नाही, हे इथल्या बँडच्या अल्बममध्ये कुठेतरी उमटायला हवं होतं असं मला वाटतं.

पण गोष्टींबद्दल तो आरोप मला अजिबात पटत नाही. आधीच्या अल्बमचा नायक राक्षसराजा होता. त्यात 'ईव्हन गॉड्स डू फॉल' नावाचं गाणंच आहे, देवसुद्धा पडतात. तीन वर्षांनी तोच गळा, तीच गुरगुर नरसिंहासाठी. राक्षसाचा आवाज देवाला दिला आणि कुठेही शिवण उसवली नाही! हे विक्रीचं डोकं नाही. ज्याने या गोष्टी लहानपणी ऐकल्यात त्यालाच माहीत असतं, की खांब फोडून बाहेर येणारा तो देव हिरण्यकशिपूइतकाच भयानक आहे.

आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला, जव्हार-मोखाड्याकडे, हे शतकभरापेक्षा जास्त काळ चालू आहे. तिथे बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात एकेक मुखवटा नाचत येतो: गणपती, नरसिंह, रावण, त्राटिका. देवाला एक वाद्य आणि राक्षसाला दुसरं असं काही नसतं. सांबळ तोच, पिपाणी तीच. तळकोकणातल्या दशावतारी नाटकातही रात्रीची सुरुवात रंगते ती काळ्या वेषातल्या संकासुरामुळे, आणि लोक त्याच्यावर मनापासून हसतात. नॉर्वेच्या पोरांनी तोंडाला पांढरं-काळं फासलं तेव्हा त्यांना ते बंड वाटलं, कारण तिथे सैतान देवळाबाहेरचा. काहींनी तर १९९२ पासून खरोखरची लाकडी चर्चेस जाळली. आपल्याकडे राक्षसाला पालखीच्या पुढे नाचायची जागा आधीच दिलेली आहे, मग बंड करायचं कोणाविरुद्ध? म्हणून 'दशावतार'मध्ये मला उसना काळोख ऐकू येत नाही. फक्त वाद्यं अजून शहरातली आहेत. सतारीऐवजी सांबळ असता तर? ब्लास्ट बीटच्या मांडीला मांडी लावून बसला असता, पैजेवर सांगतो.

साहिल पुढे एकट्याच्या 'डीमनस्टीलर' या नावाने जास्त दिसू लागला. २०२३ च्या 'द प्रोपगंडा मशीन'मध्ये राक्षस आहेत, पण ते पुराणातले नाहीत, टीव्हीवरचे आणि सभेतले आहेत. आवाज तिथे परत बदललाय, अधिक धारदार, आणि वाजवायला देशोदेशीचे लोक आहेत, ज्यांनी आपापले भाग आपापल्या ठिकाणाहून पाठवले. जॅम रूमचं भाडं एकदाचं वाचलं!

तर, ऐकायचं असेल तर माझ्या मते क्रम असा: आधी 'द रिटर्न टू डार्कनेस' पूर्ण, मग 'दशावतार'मधलं मत्स्य आणि नरसिंह, मग मागे जाऊन २००५ चा अल्बम. बोईसर ते अंधेरी प्रवासात पहिले दोन आरामात बसतात. फक्त विरारच्या आधी आवाज थोडा कमी करा, शेजारच्या काकांना तुमच्या कानातून राक्षस ऐकू येतो.