महार वतन : हक्क आणि जोखड

गावगाड्यात महार हा वतनदार मानला जाई. त्याची परवशताही त्या वतनातच रुजलेली होती. गावाची राखण, साऱ्याचा भरणा तालुक्यास पोहोचविणे, सांगावे नेणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे त्याच्याकडे पिढीजात चालत आली. मोबदला म्हणजे इनामी जमिनीचा लहानसा तुकडा, सुगीचे बलुते आणि घरोघर मागून आणलेली भाकर. पिढीगणिक तुकडा विभागला जाई. चाकरी मात्र सबंध घराण्याच्या माथी राही. तरीही बेदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची आख्यायिका महार समाजात अभिमानाने सांगितली जात असे. हक्काचे रूप घेऊन आलेले दास्य टाकणे अधिकच कठीण असते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्या परिषदेतील भाषणात त्यांनी मृत मांस वर्ज्य करण्याचे आणि शेतीकडे वळण्याचे आवाहन एकत्रच केले होते. ज्याच्या दारी भाकर मागावयाची, त्याच्याविरुद्ध पाण्याचा हक्क बजवावा कसा, हा प्रश्न त्यांना टाळता येण्याजोगा नव्हता. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. अस्पृश्यांची आर्थिक परावलंबिता आणि त्यांच्यावरील सामाजिक बहिष्कार यांचा निकट संबंध त्या समितीने आपल्या १९३० च्या अहवालात स्पष्टपणे नोंदविला.

१९२८ मध्येच आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. वतनदाराची इच्छा असल्यास त्यास चाकरीतून मोकळे करावे व पूर्ण सारा आकारून जमीन त्याच्याकडेच ठेवावी. बलुत्याऐवजी रोख पट्टी सरकारनेच वसूल करून द्यावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे दान आणि मेहेरबानी यांची जागा वेतनाने घ्यावयाची होती. अल्प मोबदल्यात राबणारा हा सेवकवर्ग सरकारलाही सोयीचा होता. विरोधामुळे १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ मध्ये, आंबेडकरांच्या निधनानंतर.

महाडचा सत्याग्रह लोकस्मृतीत अढळ राहिला. वतनाच्या विधेयकाचे स्मरण अभ्यासकांपुरते उरले. वस्तुतः तळ्यावरील ओंजळ आणि कायदेमंडळातील कलमे ही एकाच लढ्याची दोन अंगे होत. प्रतिष्ठा आणि उपजीविका यांची सांगड वतनानेच घातली होती. म्हणून मुक्तीचा विचारही दोहोंना धरूनच करणे प्राप्त होते.