चंद्रभागेच्या माहेरची राई

आषाढीला पंढरीस पोहोचले की पहिले स्नान चंद्रभागेचे. ओंजळीत घेतलेले ते पाणी कोठून आले, हा विचार आपल्यापैकी किती जणांच्या मनात येत असेल? भीमा निघते भीमाशंकराच्या रानात. इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून निघून देहू-आळंदीवरून तुळापूरला तिला मिळते. घोड नदी आहुप्याच्या बाजूने येते, मुठेचे पाणी पानशेत-वरसगावच्या खोऱ्यांतले, आणि नीरा शेवटी नरसिंहपूरला येऊन भेटते. आता वाटेत उजनी धरण आहे आणि वारीच्या स्नानाला पाणी तेथून सोडतात, हे खरे. पण उजनीची भिस्तही घाटमाथ्यावरच्या पावसावरच आहे.

तो पाऊस चार महिने कोसळतो आणि आठ महिने तोंड दाखवत नाही. उघड्या डोंगरावर पडलेले पाणी माती घेऊन पळते. दाट सदाहरित रानात मात्र ते पाचोळ्यात मुरते, मुळांशी थांबते आणि झऱ्याने हळूहळू बाहेर येते. असे जुने रान घाटमाथ्यावर आज जेथे जेथे उरले आहे, त्यांतल्या पुष्कळ जागा देवाच्या नावाच्या आहेत. मावळात त्यांना देवराई किंवा नुसते राई म्हणतात, कोकणात देवरहाटी.

राईतला देव बहुधा शेंदूर लावलेला तांदळा. काळकाई, वाघजाई, भैरवनाथ अशी त्याची नावे. डोक्यावर छप्पर नाही. कित्येक ठिकाणी तर देवीला छप्पर चालत नाही, अशीच श्रद्धा आहे. आत जाताना पायतण बाहेर काढायचे. कुऱ्हाड न्यायची नाही. अनेक राईंत वाळकी काटकीही घरी नेत नाहीत. गावाच्या कामाला लाकूड लागलेच, तर आधी देवाचा कौल घ्यायचा. त्यामुळे तेथे आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी वाढत राहिले, भेरली माड उभे राहिले आणि गारंबीचे वेल मांडीएवढे जाड झाले.

राई कोणाची, असे विचारले तर गावकरी सांगत, देवीची. या एका शब्दात सगळी व्यवस्था होती. देवीची म्हणजे एका घराची नाही, पाटलाचीही नाही; म्हणून विकायची नाही आणि वाटूनही घ्यायची नाही. राखण मात्र सगळ्या गावाने करायची. भीमाशंकराच्या परिसरात ही राखण पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः महादेव कोळी समाजाने केली आहे.

इंग्रजांच्या दप्तरात या उत्तराला जागा नव्हती. १८७८च्या वनकायद्याने रानाची मालकी आणि हक्क सरकारने ठरवायचे झाले. काही राई वनखात्याकडे गेल्या, काही महसूल खात्याकडे, काही कोणाच्या तरी खासगी नावावर चढल्या. गावाकडे राहिला तो फक्त देवीचा धाक.

तो धाक किती टिकाऊ होता, हे श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाने दाखवले. १९७०च्या सुमारास तेथल्या काळकाईच्या राईतली झाडे तोडीसाठी खुणावली गेली. गावकऱ्यांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांच्याकडे मदत मागितली. राई गेली तर आमचा ओढा आटेल, हे त्यांचे म्हणणे होते. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी जाऊन पाहिले, रदबदली केली आणि तोड थांबली. त्यानंतर या दोघांनी सह्याद्रीतल्या राईंचा जो अभ्यास केला, त्याच्या मुळाशी गावकऱ्यांचे हे साकडे होते. शास्त्रज्ञांनी गावाला शहाणे केले, असे आपण सहज बोलून जातो. येथे क्रम उलटा आहे.

सगळीकडे असे झाले नाही. पानशेतच्या खोऱ्यात धरण आले, त्याच्यासाठी रस्ता आला आणि त्या रस्त्याने कोळशाचे व्यापारी आले. जमीन पाण्याखाली गेलेल्या, विस्कटलेल्या गावांतल्या राई मातीमोल भावाने कोळशाच्या भट्टीत गेल्या. ज्या गावाचे उद्या काय होणार हेच ठाऊक नाही, त्याला देवीचा धाक कोठवर पुरणार? त्या माणसांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आता आपल्याकडे वळतो. संतांनी नवससायासांवर आणि देवापुढच्या रक्तावर कोरडे ओढले. शेंदऱ्या दैवतांना तुकोबारायांनी काय सुनावले, ते आपल्याला पाठ आहे. ते योग्यच होते. त्याच तुकोबारायांनी एकांतासाठी भामचंद्र आणि भंडाऱ्याचा डोंगर गाठला. झाडांना सोयरे म्हणणारा त्यांचा अभंग शाळाशाळांच्या भिंतींवर आहे, म्हणून येथे देत नाही. आपण मात्र त्यातला एकच धडा उचलला. राईतला देव आपल्याला अडाणी वाटू लागला, मग त्याला ‘सुधारण्या’साठी जीर्णोद्धार सुरू झाले. स्लॅब, फरशी, सभामंडप, वाहनतळ. कित्येक ठिकाणी या बांधकामासाठी राईतलीच झाडे पाडली गेली आणि खर्चासाठी विकलीही गेली. पावतीपुस्तके आपल्या माणसांच्या हातांत होती. मीही अशी पावती फाडली आहे. मंदिर नीट झाले, कळस छान आहे. मागची झाडे किती होती, हे मी तेव्हा मोजले नव्हते.

दामोदर कोसंबींनी १९६२च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात पुणे परिसरातल्या आईदेवतांची ठाणी आणि जुन्या वाटा यांचा मागोवा घेतला. पंढरीच्या पालख्यांच्या वाटाही अतिप्राचीन, गुराख्यांच्या भटकंतीच्या काळातल्या असाव्यात, असे त्यांचे मत होते. ते खरे असेल, तर वारीचे आणि या ठाण्यांचे शेजारपण फार जुने आहे.

२००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला परंपरेने राखलेले रान राखण्याचा हक्क पुन्हा कागदावर दिला आहे. आपल्या राज्यात गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो २००९ साली मिळवला. देवराई असलेल्या गावालाही तो मागता येतो. आपल्या दिंड्यांमध्ये घाटमाथ्याची गावे आहेत. कीर्तनाला गेलेल्या महाराजांनी तेथे राईचा दावा दाखल झाला का, एवढे विचारले तरी चालेल. जीर्णोद्धाराचे ठरत असेल तर मंडप झाडांच्या बाहेर, गावठाणात बांधता येईल का, हेही विचारावे. देवी तशीही उघड्यावरच राहते.