पुसता येणारी पाटी

पहिलीच्या मुलाच्या हाती पूर्वी वहीऐवजी पाटी दिली जाई. पाटीवरचे चुकलेले अक्षर ओल्या फडक्याने पुसले की काम भागे. वहीचे पान मात्र वाया जाई. नवे काही शिकताना चुका होणारच. म्हणून शिकणाऱ्याची चूक स्वस्तात निभावली पाहिजे. संगणकशिक्षणालाही हे लागू पडते. आर्डुइनो, रास्पबेरी पाय यांसारखे तळहाताएवढे बोर्ड आज अनेक शाळांत दिसतात. त्यांचा इतिहास म्हणजे ही चूक हळूहळू कशी स्वस्त होत गेली त्याचा इतिहास आहे.

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ ही चिप बाजारात आणली. मुळात ती एका जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी बनवली होती. सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर असलेल्या या चिपवर संगणकाचा आकडेमोड करणारा आणि आज्ञा पाळणारा भाग मावला होता. हा मायक्रोप्रोसेसर. त्याला स्मृती आणि बाहेरच्या जोडण्या यांसाठी आणखी चिपांची साथ लागे. तेही सारे एकाच चिपवर बसवले की तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७४ मध्ये विक्रीस आणलेली टीएमएस १००० ही अशा पहिल्या चिपांपैकी एक. गणकयंत्रे, खेळणी आणि घरगुती उपकरणे यांत ती वापरली गेली.

१९७५ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने ६५०२ हा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरला विकायला काढला. त्या वेळी तशा इतर चिपांना शंभराहून अधिक डॉलर पडत. अभियंत्यांना तो पारखून पाहता यावा म्हणून १९७६ मध्ये कंपनीने ‘किम-१’ हा बोर्ड काढला. एकाच बोर्डावर प्रोसेसर, सुमारे एक किलोबाइट स्मृती, २३ कळा आणि सहा आकडे दाखवणारे दिवे. किंमत २४५ डॉलर. प्रत्येक आज्ञा सोळा-आधारी अंकांत टिपावी लागे. चुकले तर तेवढाच अंक पुन्हा टिपायचा. वीज गेली की मात्र सारे पुसले जाई. टिकवायचे तर कॅसेट रेकॉर्डर जोडायचा. अभियंत्यांसाठी काढलेला हा बोर्ड हौशी मंडळींनीही उचलला. आपल्याकडील अनेक तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी हाताळलेले ‘८०८५ किट’ याच जातकुळीचे.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९७९ मध्ये ६५०२ वापरून असाच कळा आणि आकड्यांचा संच काढला. त्याची रचना सोफी विल्सन यांची होती. पुढे बीबीसीच्या संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी याच कंपनीने १९८१ मध्ये ‘बीबीसी मायक्रो’ तयार केला. तो सुरू करताच बेसिक भाषा समोर हजर होई. तापमापकासारखी उपकरणे जोडण्यासाठी त्याला खास खाचाही होत्या. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून हेच यंत्र आपल्या काही शाळांत पोहोचले.

मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्याची वाट अधिक खडतर होती. इंटेलच्या १९८० मधील ८०५१ या चिपमध्ये ४ किलोबाइट कायम स्मृती, १२८ बाइट तात्पुरती स्मृती आणि ३२ जोडण्या होत्या. आज्ञावली बदलता येणाऱ्या प्रकाराच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे. आज्ञावली चुकली तर चिप काढून पंधरा-वीस मिनिटे अतिनील प्रकाशाखाली ठेवायची, मग नव्याने भरायची. एका चुकीसाठी अर्धा तास मोडे. १९९३ मध्ये मायक्रोचिप कंपनीची विजेने पुसता येणारी पिक १६सी८४ ही चिप आली, पुढे फ्लॅश स्मृती रुळली आणि हेच काम काही सेकंदांचे झाले.

घरात आणि शाळेत मात्र उलटेच घडले. १९९० च्या दशकात संगणक महागडी, सीलबंद वस्तू बनला. घरात तो बिघडेल म्हणून मुलांना हात लावू देत नसत. अनेक शाळांत चपला बाहेर काढून संगणककक्षात जायचे, यंत्रावरचे आच्छादन काढायचे आणि सांगितलेले तेवढेच करायचे, असा शिरस्ता होता. पाटीची पुन्हा वही झाली.

याचा परिणाम केंब्रिज विद्यापीठातील एबेन अप्टन यांच्या ध्यानात आला. संगणकशास्त्राला येणारे अर्ज घटत होते आणि येणाऱ्या मुलांचा आज्ञावली लिहिण्याचा सरावही कमी झाला होता. २००६ पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वस्त बोर्डावर काम सुरू केले आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय ३५ डॉलरला विक्रीस आला. त्यातील प्रोसेसर एआरएम पद्धतीचा आहे. ही पद्धत १९८० च्या दशकात एकॉर्नमध्येच विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवली होती. पायचे सारे कामकाज एका छोट्या कार्डावर असते. काही बिघडले तर कार्ड नव्याने भरायचे. बोर्डाला धक्का लागत नाही.

तिकडे इटलीतील इव्रेया येथे २००५ मध्ये मासिमो बान्झी आणि सहकाऱ्यांनी कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही परवडेल असा आर्डुइनो तयार केला. त्याआधी तेथेच एर्नांडो बारागान या विद्यार्थ्याने केलेल्या ‘वायरिंग’ या कामाचा त्याला आधार होता. आर्डुइनोची रचना सर्वांसाठी खुली असल्याने त्याच्या प्रतिकृती आपल्या बाजारात काही शे रुपयांत मिळतात.

सुरुवात कशाने करावी? पडदा, कॅमेरा किंवा पायथन भाषा हवी असेल तर पाय. दिवा, मोटर, संवेदक चालवायचे असतील तर आर्डुइनो. आर्डुइनो उनोवर १३ क्रमांकाच्या जोडणीला दिवा आधीच बसवलेला असतो. तो एक सेकंद लावणारी आणि एक सेकंद विझवणारी आज्ञावली भरा, मग १००० चा आकडा २०० करून काय होते ते मुलांनाच पाहू द्या. बाहेरचा दिवा जोडताना २२० ओहमचा रोध विसरू नये. पायच्या जोडण्या ३.३ व्होल्टच्या असतात. त्यांना ५ व्होल्ट दिले तर बोर्ड जळू शकतो. एवढी सावधगिरी आधी समजावून सांगावी.

बाकी चुका मुलांना करू द्याव्यात. आणलेला बोर्ड ‘खराब होईल’ म्हणून कपाटात कुलपाआड गेला, तर पन्नास वर्षांत स्वस्त झालेली चूक आपणच पुन्हा महाग केली, असे होईल.