लेखणीचे वतन : बाळाजी आवजी आणि चिटणीस घराणे

आपल्या ज्ञातीच्या पूर्वजांचे स्मरण करावयाचे म्हटले की प्रथम दृष्टीपुढे उभे राहतात ते बाजीप्रभू देशपांडे आणि मुरारबाजी देशपांडे. हे योग्यच आहे. करवीरकरांस तर पन्हाळा आणि विशाळगड या दोन गडांमधील वाट म्हणजे नित्याचे तीर्थक्षेत्र होय. १६६० सालच्या जुलै महिन्यातील त्या रात्री बाजींनी खिंड अडविली नसती, तर पुढील इतिहास काय घडला असता याची कल्पनाही करवत नाही. पन्हाळ्यावर त्यांचा पुतळा आहे आणि त्यापुढे येणारा जाणारा मस्तक नमवितो. परंतु ज्या राज्यासाठी बाजी पडले, ते राज्य दररोज कागदावर चालविणारा एक पुरुष त्याच काळी, त्याच ज्ञातीत निर्माण झाला. त्याच्या हाती तलवार नव्हती, बोरू होता. त्या बाळाजी आवजी चिटणीसांचे आणि त्यांच्या घराण्याचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

लेखणीच्या सेवेचे महत्त्व समजण्यासाठी क्षणभर साता समुद्रापलीकडे दृष्टी टाकू. इंग्लंडच्या पार्लमेंटात लोकसभेचा म्हणून जो पहिला कारकून नेमला गेला, त्याचे नाव रॉबर्ट डी मेल्टन. ही नेमणूक १३६३ सालची. तेव्हापासून आजतागायत ते पद अखंड चालत आले आहे. राजे आले आणि गेले, प्रधान चढले आणि पडले, परंतु सभागृहाच्या मेजाशी बसून काय ठरले ते नोंदणारा हात थांबला नाही. याच पदावर १८७१ पासून १८८६ पर्यंत असलेल्या सर टॉमस अर्स्किन मे यांनी पार्लमेंटच्या कामकाजावर १८४४ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा आधार आपल्या विधिमंडळांतूनही घेतला जातो. भारताच्या राज्यघटनेनेही अनुच्छेद ९८ व १८७ यांच्या द्वारे संसदेस आणि राज्यांच्या विधिमंडळांस स्वतंत्र सचिवालय दिले आहे. सभेची लेखणी सत्तेच्या हाताखाली दबू नये, हे त्यातील मर्म होय.

आपल्याकडे सतराव्या शतकात पार्लमेंट नव्हते. परंतु अष्टप्रधानांची राजसभा होती, आणि त्या सभेचे निर्णय शब्दांत उतरविणारा, छत्रपतींच्या नावे पत्रे सिद्ध करणारा, शिक्कामोर्तब होईपर्यंत कागदाची राखण करणारा अधिकारी होता. तोच चिटणीस. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिटणीस, सबनीस, कारखानीस, फडणीस ही आज आपण आडनावे म्हणून मिरवितो, ती मुळात कामांची नावे आहेत. शिवकालीन गडावर हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू अशी योजना असे. एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी आणि एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यातील हेतू होता.

बाळाजींचे वडील आवजी हरि चित्रे हे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पदरी होते. सिद्दीची गैरमर्जी होऊन त्यांचा प्राण गेला, कुटुंबाची वाताहत झाली आणि माता आपल्या तीन पुत्रांसह राजापुरी पोहोचली, असे घराण्याची परंपरा सांगते. मातुल विसाजी शंकर यांच्या आश्रयाने मुले वाढली. थोरले बाळाजी अक्षराने देखणे आणि बुद्धीने चपळ होते. त्यांचे अक्षर शिवछत्रपतींच्या नजरेस पडले आणि हा अनाथ मुलगा स्वराज्याच्या दप्तरात दाखल झाला.

बाळाजींविषयी एक कथा आपल्या घरांतून आजही सांगितली जाते. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहिण्यास सांगितले होते. कामाच्या गर्दीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी पत्र वाचून दाखविण्याची आज्ञा केली, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून संपूर्ण मजकूर न अडखळता 'वाचला'. दिवा धरणाऱ्यास हसू आवरले नाही आणि गुपित फुटले. महाराज रागावले नाहीत, उलट प्रसन्न झाले. कथा अक्षरशः खरी की नाही हा वाद इतिहासकारांनी घालावा. चिटणीस केवळ नकलनवीस नसे, धन्याच्या मनात काय आहे हे जाणून त्यास शब्द देणे हे त्याचे खरे काम, एवढे त्या कथेतून निश्चित कळते. महाराजांनी अष्टप्रधानांत जागा देऊ केली असता बाळाजींनी ती नाकारून चिटणिशीच वंशपरंपरेने मागून घेतली, असेही परंपरा सांगते. प्रधानपद आज आहे, उद्या नाही, लेखणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरेल, असा त्यांचा विचार असावा.

१६७४ सालच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगी काशीच्या गागाभट्टांशी जो पत्रव्यवहार व वाटाघाटी झाल्या, त्यांत बाळाजींचा भाग होता असे ज्ञातीत मानले जाते. गागाभट्टांनी कायस्थांच्या धर्मकर्माविषयी स्वतंत्र ग्रंथही रचला. वेदोक्त संस्कारांचा हा प्रश्न तेथेच मिटला नाही. सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ साली, याच कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी तो पुन्हा उभा राहिला आणि राजर्षी शाहू छत्रपतींस त्याची झळ सोसावी लागली. म्हणून वेदोक्त प्रकरणात करवीरचे छत्रपती आणि आपली ज्ञाती यांचे दुःख एकाच जातीचे होते, हे विसरता येत नाही.

लेखणीची सेवा सुरक्षित असते असा एक समज आहे. बाळाजींच्या अंताने तो खोटा ठरविला. १६८० साली शिवछत्रपतींचे निधन झाले तेव्हा युवराज संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. त्यांस तेथेच अटकेत ठेवावे अशी पत्रे रायगडावरून प्रधानमंडळींनी पाठविली. बाळाजींनी ते पत्र स्वतःच्या हाताने लिहिण्याचे टाळले, असे परंपरा सांगते. संभाजीराजे गादीवर आले आणि प्रथम त्यांनी अनेकांस क्षमा केली. पुढे १६८१ साली औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर आश्रयास आला असता, संभाजीराजांविरुद्ध त्याची मदत मागणारे कटवाल्यांचे पत्र त्यानेच उघड केले. अण्णाजी दत्तो आदि मंडळींबरोबर बाळाजी आणि त्यांचे थोरले पुत्र आवजी यांसही देहदंड झाला. बाळाजींचा त्या कटाशी कितपत संबंध होता, यावर मतभेद आहेत. एवढे खरे की, ज्याच्या हातून राज्याचे सर्व कागद जातात, त्याच्यावर प्रत्येक कागदाचा संशय येऊ शकतो. लेखकाच्या नशिबीचा हा धोका आहे.

या ठिकाणी घराणे संपले असते तर नवल नव्हते. पित्याचा आणि ज्येष्ठ बंधूचा वध ज्याने करविला, त्या राजाच्या सेवेत कोणता पुत्र राहील? परंतु महाराणी येसूबाईंनी मध्यस्थी केली आणि बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांस चिटणिशी मिळाली. खंडो बल्लाळांनी मनात सूड धरला नाही. १६८३ साली गोव्याच्या मोहिमेत जुव्याच्या खाडीत संभाजीराजांचा घोडा भरतीच्या पाण्यात वाहू लागला, तेव्हा पाण्यात उडी घेऊन त्यांस वाचविणारे खंडो बल्लाळच होते. पित्याच्या मृत्यूस अवघी दोन वर्षे लोटली होती. बाजींच्या पराक्रमाशेजारी ही उडी ठेवून पाहावी. तेथे शत्रूशी झुंज होती, येथे स्वतःच्या अंतःकरणाशी.

१६८९ साली संभाजीराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराज पन्हाळ्यावरून जिंजीकडे निघाले. वेषांतर करून शत्रूच्या मुलखातून शेकडो कोसांचा तो प्रवास. बरोबर निघालेल्या निवडक मंडळींत खंडो बल्लाळ होते. पुढे जिंजीस झुल्फिकारखानाचा वेढा पडला आणि १६९७ च्या अखेरीस महाराजांस किल्ल्याबाहेर काढण्याचा प्रश्न आला. मोगलांच्या छावणीत असलेल्या गणोजी शिर्क्यांची मदत त्यासाठी आवश्यक होती. शिर्क्यांनी किंमत सांगितली, ती दाभोळच्या वतनाची. ते वतन खंडो बल्लाळांचे होते. त्यांनी ते लिहून दिले. महाराज सुखरूप बाहेर पडले.

वतन म्हणजे त्या काळी काय होते, हे आज पगारावर जगणाऱ्या आपणांस सहज उमगणार नाही. वतन हे पोट होते, प्रतिष्ठा होती आणि नातवंडांचे भविष्य होते. वतनासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठत असे. ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाने प्रधानपद सोडून वतन मागितले, त्याच्याच पुत्राने राजा वाचावा म्हणून वतन सोडले. चिटणीस घराण्याच्या इतिहासात याहून मोठा क्षण नाही.

करवीरच्या वाचकास यापुढील पान थोडे बोचरे वाटेल. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. आलेले शाहू खरे की तोतया, याची शहानिशा करण्याचे काम खंडो बल्लाळांकडे आले असे म्हणतात. त्यांनी शाहूंस ओळखले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात खेडच्या लढाईच्या प्रसंगी धनाजी जाधवांप्रमाणे तेही शाहूंच्या पक्षास गेले. महाराणी ताराबाईंनी पुढे पन्हाळ्यास गादी स्थापिली, १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन राज्यांची सीमा ठरली, आणि चिटणीस घराणे सातारकरांकडेच राहिले. खंडो बल्लाळ १७२६ साली निवर्तले. त्यांचे पुत्र जिवाजी आणि गोविंदराव यांनी शाहू महाराजांच्या दरबारी सेवा चालू ठेवली. १७४९ साली महाराजांच्या अखेरच्या दिवसांत गोविंदराव त्यांच्या निकटवर्तीयांत होते. याच वंशातील मल्हार रामराव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिवछत्रपतींची प्रसिद्ध बखर लिहिली. घटनांनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली ही बखर सनावळीच्या बाबतीत विश्वसनीय नाही, आणि तीत स्वघराण्याचा अभिमानही डोकावतो, असे संशोधक म्हणतात. ते मान्य करावयास आपणांस संकोच नसावा. अभिमानापेक्षा अचूक नोंद श्रेष्ठ, हाच तर चिटणिशीचा धर्म.

सातारकरांकडे गेलेली ही परंपरा कोल्हापुरास अगदीच पारखी राहिली नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतल्यावर रघुनाथराव व्यंकाजी सबनीस यांस हुजूर चिटणीस केले आणि १८९८ साली तेच करवीरचे दिवाण झाले. छत्रपतींच्या १९२२ सालच्या निधनापर्यंत रघुनाथराव त्या पदावर होते, आणि पुढे ब्रिटिश सरकारने त्यांस 'सर' हा किताब दिला. एका छत्रपतीची जवळजवळ पाव शतक अखंड सेवा करणारे रघुनाथराव बाळाजींच्या वंशातले नव्हेत, पण त्यांच्या मार्गावरचे खचितच होते.

परंतु रघुनाथरावांच्या कारकिर्दीचे खरे महत्त्व पुढेच आहे. १८९४ साली करवीर दरबारातील सामान्य कारभाराच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, आणि ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर अवघे १०. लेखणी काही थोड्या घरांची मिरास झाली होती. शाहू छत्रपतींनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१८ साली कुळकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. गावोगावी वंशपरंपरेने चाललेली लेखणी काढून घेतली जात असता दिवाणाच्या जागी लेखणीवरच पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या आपल्या ज्ञातीचा पुरुष बसला होता. राज्याची ती नवी रीत राबविणारा कारभार त्याच्या देखरेखीखाली चालला.

आपल्या ज्ञातीने यातून कोणता बोध घ्यावा? लेखणी आमच्या रक्तात आहे, असे आपल्या समारंभांतून वारंवार म्हटले जाते. बाळाजींस मात्र लेखणी रक्तातून मिळाली नव्हती. बाप गेलेल्या, परगावी मामाच्या आश्रयाने वाढलेल्या एका मुलाचे अक्षर एका गुणग्राही राजाने पाहिले, म्हणून ती त्यांस मिळाली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी अशीच संधी हजारो अनाम मुलांस देऊ केली. त्या मुलांत बाळाजी किती असतील हे कोणी सांगावे! तेव्हा चिटणीस घराण्याचे खरे वारस कोण, याचे उत्तर वंशावळीत शोधण्याचे कारण नाही. जो धन्याच्या चुकीच्या हुकुमापुढे हात आखडतो, जो अन्याय सोसूनही सेवेत कसूर करीत नाही, आणि वेळ येताच जो वतन सोडून देतो, तो त्यांचा वारस. आपल्या घरांतील मुलामुलींनी दप्तरात, न्यायालयात, विधिमंडळात वा शाळेत लेखणी हाती धरताना एवढे ध्यानी ठेवावे, म्हणजे बाळाजींचे आणि खंडो बल्लाळांचे श्राद्ध यथाविधि झाले असे समजावे.