१० डिसेंबर : पत्त्यांवर ठरणारे मरण

२०२० साली आजच्या दिवशी शिन्सुके सातो दिग्दर्शित ‘अ‍ॅलिस इन बॉर्डरलँड’ ही जपानी मालिका नेटफ्लिक्सवर आली. तिला ‘स्क्विड गेम’ची नक्कल म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात : ती कोरियन मालिका सप्टेंबर २०२१ची, तर हारो आसो यांची मूळ मांगा चित्रकथा २०१०पासूनची. रक्तपात फार, हा आक्षेप मात्र खरा. पण निव्वळ त्यावर मालिका तगलेली नाही. निर्मनुष्य टोकियोतल्या प्रत्येक जीवघेण्या खेळाचा पत्ता ठरलेला : इस्पिक अंगबळाचे, किलवर एकजुटीचे, चौकट बुद्धीचे, बदाम विश्वासघाताचे. सर्वांत क्रूर बदामच, कारण तिथे जिवलगच प्रतिस्पर्धी होतात. बदाम सत्तीच्या लपंडावात नायक अरिसू मित्र गमावतो, आणि कथेला खरी धार येते ती तिथूनच.